गिनतीतला त्रेसष्टावा

माझा धाकटा मुलगा अभिमन्यू याचं लग्न झालं ते साल २०२५. महिना मे, तारीख अठरा, वार रविवार, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. थोरल्याच्या लग्नाची तारीख मला आठवत नाही. तेव्हा आम्ही कर्नाटकात ऊसतोडीला होतो, एक दिवस फड बंद होता, तेवढ्यात उरकून घेतलं. धाकट्याची तारीख मात्र विसरणं शक्य नाही, कारण त्या लग्नात नवरीचा बाप जेलमध्ये होता.

असं सांगितलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात. म्हणून लगेच सांगून टाकतो, माझे व्याही शहादेव हे जेलमध्ये हवालदार होते. तीस वर्षं सरकारी नोकरी, अंगावर एक डाग नाही. डाग असता तर बरं झालं असतं. निलंबन होऊन चार महिने घरी तरी बसले असते.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या नेकनूरजवळचे. जेल आपल्याच जिल्ह्यातलं, एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि फार थोडी आहेत. नाव लिहिलं तर त्यातला एखादा चौकशीला जाईल आणि गेटवर कोणीच उरणार नाही.

हे जेल बांधलं तीस कैद्यांसाठी. तिथे कैद्याला बंदी म्हणतात. आत बंदी होते बासष्ट. त्यांच्यावर पहाऱ्याला बावीस शिपाई मंजूर होते. मंजूर म्हणजे कागदावर. हजेरीला सात. सातांतला एक साहेबांची गाडी चालवायचा, एकाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, आणि एक कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला होता तो तिकडेच ठेवून घेतला, कारण तिकडेही माणसं कमी होती. राहिले चार, आणि त्यांच्यावर हवालदार शहादेव. दिवस मात्र सरकारने चोवीस तासांचाच ठेवला होता.

शहादेव म्हणायचे, "आमच्यात बी तीन पाळ्या हायेत, इवाई. एक आजची, एक कालची राह्यलेली, आन् एक उद्याची आदुगर करून ठिवायची."

तिथे दोन नियम फार जुने. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा पहिला. गेटच्या चाव्यांचा चार्ज हवालदाराने हवालदारालाच द्यायचा, हा दुसरा. नियम चांगले आहेत. ज्याने केले त्याच्या वेळी माणसं असतील.

तीस एप्रिलला शहादेव निवृत्त झाले. गेटसमोर टेबल मांडलं होतं. शाल, नारळ, पेढे. जेलर साहेब आले. साहेबांकडे तीन जेलांचा चार्ज, त्यामुळे या जेलच्या वाट्याला ते फक्त गुरुवारी यायचे. त्या दिवशी बुधवार असून आले, याचं शहादेवना फार वाटलं. साहेब भाषणात म्हणाले, शहादेव यांच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण होणार आहे. पोकळी म्हणजे काय ते भाषण संपल्यावर कळलं. शहादेवनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला आणि तो उचलायला कोणी पुढे आलं नाही. दुसऱ्या हवालदाराची जागा तीन वर्षं रिकामी होती. शिपायाला चाव्या देता येत नव्हत्या. साहेबांना त्या खिशात घालून पुढच्या जेलला नेता येत नव्हत्या.

सगळे त्या जुडग्याकडे बघत उभे राहिले.

"आजचा दिवस बघा शहादेव," साहेब म्हणाले. "उद्या वरून माणूस मागवतो."

शहादेवनी जुडगा उचलून परत कमरेला लावला आणि खांद्यावरच्या शालीसकट गेट उघडायला गेले. साहेबांची गाडी बाहेर काढायची होती.

दुसऱ्या दिवशी माणूस आला नाही. वर्दी तेवढी जमा करून घेतली, कारण निवृत्त माणसाने वर्दी घालणं हा गुन्हा आहे. मग शहादेव घरच्या पांढऱ्या सदऱ्यात आणि राखाडी प्यांटीत गेटवर उभे राहायला लागले. निवृत्तीच्या आधी त्यांना आठ तासांवर जे काम पडायचं ते सक्तीचं जादा काम होतं. आता सगळंच जादा.

मी आठ-दहा दिवसांनी आहेराची यादी घेऊन त्यांना भेटायला गेलो. गेटला एक हातभर खिडकी आहे. तिच्यातून त्यांचं तोंड दिसत होतं, डोळे लाल, पण हसरे.

"कावून हो इवाई, रिटायर झाले की नाही तुमी?" मी विचारलं.

"झालो की. शाल दावू का?"

"मग लग्नाला तरी सुट्टी मिळंल ना?"

"तिथंच घोडं अडलंय. मी साहेबाला फोन केलता. साहेब मनले, रजा नोकरीवरच्या माणसाला असती, रिटायर माणसाला रजा कशी देऊ? मनलं, मग तसाच जातो. तर मनले, चार्ज दिल्याबिगर कसे जाता?"

आतून हारिस म्हणाला, "साहेबाचं बी बराबर हाय काका."

हारिस हा चार शिपायांतला एक. बीडच्या मोमीनपुऱ्यातला, चौतीस वर्षांचा. बापाचा फळांचा गाडा. टॉवरवरचा पहारा, स्वयंपाकघर आणि कम्प्युटर अशी तीन कामं त्याच्याकडे होती आणि तिन्ही जागी तो एकाच वेळी हजर आहे असं वहीत लिहिलेलं असायचं. त्याच्या पोरीला, अलिनाला, तो मोबाइलवरच बघायचा. पोरगी त्याला 'टॉवरवाले अब्बू' म्हणायची. घरी एक अब्बू आहे, तो फक्त झोपतो, असं तिचं मत होतं.

शेवटी साहेबांनीच तोड काढली. लग्नाच्या दिवशी ते स्वतः साडेअकराला येणार, चाव्या आपल्या हातात घेणार आणि शहादेवना दोन तास सोडणार. मंगल कार्यालय जेलपासून पाच मिनिटांवर. शहादेवनी ते कार्यालय मुद्दाम जवळचं धरलं होतं. त्यांच्या बायकोला, चतुराबाईंना, ते पसंत नव्हतं.

"हॉलला पंखे न्हाईत, पानी न्हाई, पार्किंग न्हाई," त्या मला म्हणाल्या. "एकच सोय हाय. जेलची घंटा आयकू येती."

लग्नाचा दिवस उजाडला. अभिमन्यू परळीला थर्मलमध्ये ठेक्यावर आहे. त्याला मोजून तीन दिवस मिळाले होते. नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीला जाऊन आला. हॉलमध्ये माणसं मावेनात. नवरी मनिषा पिवळी साडी नेसून आत बसली होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "पप्पा आले का?" एकुलती एक पोरगी. तिच्या दहावीच्या निकालाला, नर्सिंगच्या प्रवेशाला, साखरपुड्याला, कशालाच बाप पूर्ण वेळ नव्हता. साखरपुड्याला आले होते ते अंगठी घालेपर्यंत. या वेळेला तिने आईला सांगून ठेवलं होतं, पप्पांच्या हाताशिवाय कन्यादान होऊ देणार नाही. मामाचा हात नको, चुलत्याचा नको.

साडेअकराला साहेब आले नाहीत. बाराला शहादेवचा मला फोन आला.

"साहेब तिकडच्या जेलात अडकले," ते म्हणाले. "तिथल्या हवालदाराला चक्कर आली. आता साहेबालाच चाव्या धरून उभं राहावं लागलंय. बदली आल्याबिगर साहेबाला बी सुटता येईना."

"मग?"

"मग काय. उरका तुमी."

"पोरगी उरकू देत न्हाई, इवाई."

पलीकडून चाव्यांचा जुडगा वाजला. मग म्हणाले, "मला ठाव हाय ते."

मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, एक तास थांबा. गुरुजींनी घड्याळ दाखवलं. त्यांचं दीडला कपिलधारच्या रस्त्याला एक लग्न होतं, तीनला आणखी एक. त्यांच्यातही माणसं कमी झाली होती. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत.

"मुहूर्त चुकला तर मी जबाबदार नाही," ते म्हणाले. "आणि मुहूर्त सांभाळला तर बाकी कशालाच मी जबाबदार नाही."

तेव्हा मी जे केलं ते मीच केलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी माइक घेतला आणि म्हणालो, "वऱ्हाडी मंडळी, लगीन जेलपुढं लागंल. समद्यांनी अक्षदा हातात घिऊन चला. जेवायला परत हितंच यायचंय."

पाचशे माणूस उन्हातून चाललं. पुढे हलगी, मागे नवरी, मध्ये गुरुजी स्कूटरवर. रस्त्यातल्या लोकांना वाटलं मोर्चा आहे. दोघंजण विचारून सामील झाले.

जेलच्या बाजूच्या भिंतीला मुलाखतीची खोली आहे. बंद्याचे नातेवाईक बाहेरून येतात, मध्ये जाळी, जाळीच्या खाली कागद सरकवायला वीतभर फट. शहादेवना गेट सोडता येत नव्हतं, पण मुलाखतीची खोली गेटच्या आतच धरतात. तिथे ते येऊ शकत होते. ते आले. पांढरा सदरा, डोक्याला फेटा. फेटा त्यांनी सकाळीच बांधून ठेवला होता. मनिषाने जाळीला कपाळ टेकवलं. चतुराबाई म्हणाल्या, "ये बाई, मळवट पुसंल."

हारिस धावत आला. "काका, असं उभं ऱ्हाता येत न्हाई. वर क्यामेरा हाय. खिडकीपुढं माणूस दिसला अन् फॉर्म नसला, तर उद्या मला नोटीस."

"मग भर की फॉर्म," मी म्हणालो.

"मी टॉवरवर हाय काका. सैपाकघरात भाताला उकळी आलीय. तुमीच भरा."

पेन माझ्या खिशात होतं. मी जाळीपुढच्या फळीवर कागद ठेवला आणि सावकाश, सुबक अक्षरात भरायला लागलो. पहिला रकाना होता बंद्याचं नाव.

"हितं कुनाचं लिव्हू?"

"ज्याला भेटायचं त्याचं," हारिस पळता पळता म्हणाला.

मी शहादेवचं पूर्ण नाव लिहिलं. नातं: व्याही. गुन्हा, असा एक रकाना होता. मी हाक मारून विचारलं, हा रिकामा ठेवू का. हारिस म्हणाला, रिकामा ठेवला तर कम्प्युटर घेत नाही. मी लिहिलं, मुलीचे लग्न. कधीपासून आत? तीस वर्षांपासून. वकिलाचं नाव? तिथे मी गुरुजींचं नाव घातलं, दुसरं कोणी सुचेना.

गुरुजी ओरडायला लागले होते. हारिसने कागद नेला आणि कम्प्युटरवर नाव घातलं. कम्प्युटर म्हणाला, या नावाचा बंदी सापडत नाही, नवीन बंदी जोडायचा का? हारिस आदल्या सकाळपासून उभा होता. त्याने 'हो' दाबलं. गुन्ह्याच्या यादीत लग्न नव्हतं. तिथे त्याने 'इतर' दाबलं.

बारा पस्तीसला लग्न लागलं. गुरुजींचं दुसरं मंगलाष्टक संपतं तोच आतल्या बराकीतून तिसरं सुरू झालं. एक बंदी बँडमध्ये गाणारा होता. काय आवाज! बाहेरचे पाचशे आणि आतले बासष्ट मिळून 'सावधान' म्हणाले तेव्हा झाडावरचे बगळे उडाले. कन्यादानाला शहादेवनी जाळीखालच्या फटीतून मनगटापर्यंत हात बाहेर काढला. त्याच्यावर मनिषाचा हात, अभिमन्यूचा हात, आणि चतुराबाईंनी तांब्यातून धार सोडली. पाणी फटीतून आत गेलं आणि मुलाखतीच्या वह्या भिजल्या. शहादेव रडत होते. हात आत ओढून डोळे पुसावेत तर विधी मोडतो, म्हणून तसेच रडले.

माझी बायको वत्सलाबाई परत जाताना म्हणाली, "लई लग्नं बघितली. पर नवरीच्या बापाला मानपानाला टोपी द्यायची तर झडती घिऊन आत घेतली, हे न्हवतं बघितलं."

आम्ही जेवलो, सून घेऊन नेकनूरला आलो. निघताना फोनवर शहादेव म्हणाले, "जेष्ठात पयलं मूळ घिऊन पोरीला माहेरी न्यायला मीच येनार. दुसरं कुनी मुराळी धाडनार न्हाई. पोरीला सांगा." मी सांगितलं. मनिषा म्हणाली, "बघू." बापाच्या नोकरीतून तिला हा एक शब्द चांगला पाठ झाला होता.

पुढचं मला हारिसकडून कळलं.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत बंद्यांना बराकीत घालून मोजतात. त्याला गिनती म्हणतात. गिनती जुळली की कुलूप, आणि कम्प्युटरवर तो दिवस बंद. त्या संध्याकाळी माणसं भरली बासष्ट. कम्प्युटर म्हणाला त्रेसष्ट. चौघांनी तीनदा मोजलं. मग हारिसला दुपार आठवली आणि तो कम्प्युटरकडे पळाला.

नाव काढून टाकायला गेला तर कम्प्युटरने सुटकेच्या आदेशाचा नंबर मागितला. आदेश न्यायालयाचा लागतो. आदेश नाही आणि बंदीही नाही, तर मग तो पळाला. बंदी पळाला तर पहाऱ्यावरचा शिपाई निलंबित. आणि पळालेल्याला धरायला पोलीस त्याच्या घरच्या पत्त्यावर जाणार. पत्ताही मीच लिहिला होता, पिनकोडसकट.

साहेबांना फोन लावला. ते बिचारे अजून तिकडेच गेटवर उभे होते.

"शहादेव तिथेच आहेत ना?" साहेब म्हणाले. "मग एक मिनिट गिनतीत उभे राहू द्या. आकडा जुळवा. उद्या वर लिहितो. तात्पुरतं."

शहादेव बासष्ट जणांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बंदी खटल्यातले, अजून शिक्षा न झालेले, त्यांचे कपडे घरचेच असतात, त्यामुळे काही वेगळं दिसलं नाही. हारिसने मोजलं, त्रेसष्ट. मग शहादेव बाहेर आले आणि कुलूप लावलं, कारण चाव्या त्यांच्याकडेच होत्या. सकाळी कुलूप काढलं, आत गेले, रांगेत उभे राहिले, मोजून घेतलं, बाहेर आले. सकाळ-संध्याकाळ. रोज.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नावाचा शिधाही सुरू झाला. शहादेव मला म्हणाले, "रिटायर झाल्यापून सरकारनं पयल्यांदाच इचारपूस केली, इवाई."

पण मला झोप येईना. चूक माझ्या हातची. बुधवारी मी वकिलाकडे गेलो. सगळं ऐकून वकील म्हणाले, "खुनाचा माणूस असता तर जामीन आणला असता. यांच्यावर गुन्हाच नाही, तर जामीन मागू कशाचा? काहीतरी करायला सांगा त्यांना."

तिथून जेल खात्याच्या मोठ्या कार्यालयात गेलो. तिथे विजयमाला नावाच्या बाई होत्या. कर्मचाऱ्यांचं टेबल त्यांचं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे आता आमचे कर्मचारी नाहीत काका, निवृत्त झालेत. बंद्यांच्या टेबलाकडे जा."

"ते कुठं हाय?"

त्यांनी बाजूचं टेबल दाखवलं. तिथे कोणी नव्हतं. मी त्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. मग विजयमालाबाई उठल्या, चष्मा घेतला आणि त्या टेबलामागे येऊन बसल्या. त्या टेबलाचा जादा चार्ज त्यांच्याकडेच होता. त्यांनी तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"यांचा खटला क्रमांक नाही," त्या म्हणाल्या. "हे कर्मचारी दिसतात. त्या टेबलाला विचारा."

"बाई, त्या टेबलाला तुमीच व्हत्या."

"होते ना. पण या टेबलावर मला ते माहीत असायचं कारण नाही." आणि मग हळूच म्हणाल्या, "काका, सकाळपासून मी चार टेबलं केली. चहा सांगू का तुम्हाला?"

चहा पाजला. अर्ज दोन्ही टेबलांवर घेतला. दोन शिक्के मारले. बाई मनाने चांगल्या होत्या.

मे संपला, ज्येष्ठ लागला. मनिषा रोज संध्याकाळी बापाला फोन करायची आणि तो म्हणायचा, उद्या. तिने बॅग भरून ठेवली होती, मग त्यातली एक-एक साडी काढून नेसायला लागली. शेवटी मी तिला घेऊन जेलला गेलो. यावेळी फॉर्म भरला नाही. गेटच्या हातभर खिडकीतून बोललो.

खिडकीतून वाकून पाहिलं तर शहादेवचे पाय घोट्यापासून सुजले होते. पाय चपलेत मावत नव्हते. मनिषा नर्स, तिने खिडकीतून हात घालून त्यांची नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला.

"पप्पा, आत्ता दवाखान्यात चला. आत्ता."

"चावी कुनाकडं देऊ?"

"फेकून द्या नालीत!"

"आन् गिनती? हारिसला घरी बसवतील. त्याला एक पोरगी हाय, तुझ्यासारखी."

"मला बी एकच बाप हाय."

हारिस मागे उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "काका, जावा तुमी. खरंच जावा. व्हायचं ते हुईल. घरी बसवलं तर बसवलं. पोरगी तरी वळखंल मला."

"गप बे," शहादेव म्हणाले. "तू बसल्यावर राह्यले किती? तीन. मग ते तिघं मरतेत." मग माझ्याकडे वळले. "इवाई, साहेब मनलेत, माणूस निघाला. अजिनाथ नावाचा हवालदार हाय. ऑर्डर झाली त्याची. चार-पाच दिसाचा प्रश्न हाय. पोरीला समजावा."

मी समजावलं. मला वाटलं होतं, घाईत चूक माझ्याच हातून झाली, तर निदान आता तरी मी घाई करू नये. आता वाटतं, त्या दिवशी मी खिडकीतून आत हात घालून जुडगा ओढायला पाहिजे होता. गुन्हा झाला असता तर झाला असता. वकील तेच म्हणत होते.

साहेब गुरुवारी आले तेव्हा शहादेवनी पाय दाखवले. साहेबांनी आपले दाखवले. तेही सुजले होते. दोघं गेटवर बाकावर शेजारी पाय लांब करून बसले, असं हारिस सांगतो.

पुढच्या बुधवारी सकाळी शहादेवनी बराकीचं कुलूप काढलं. बंदी रांगेने बाहेर आले. हारिस म्हणाला, काका, आज बसूनच राहा, मी बसल्या जागी मोजतो. ते म्हणाले, गिनती उभ्यानं असती, वर क्यामेरा हाय. आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. हारिस मोजत अठ्ठावन्नपर्यंत आला होता तेव्हा ते शेजारच्या बंद्याच्या अंगावर कलले. तो म्हणजे तोच बँडमध्ये गाणारा. त्याने त्यांना खाली पडू दिलं नाही. हारिसने त्यांच्या कमरेचा जुडगा सोडला, शिपायाने चाव्यांना हात लावू नये हा नियम विसरून दोन्ही गेटं उघडली आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर एकच होते आणि ते आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होते. त्यांनी तपासलं आणि मान हलवली.

मनिषाला मी स्वतः घेऊन गेलो. अभिमन्यू परळीहून संध्याकाळी आला. त्याला अर्धा दिवस मिळाला. अजिनाथ हवालदार त्याच आठवड्यात हजर झाले. कम्प्युटरवरचं नाव काढायला वरून आदेश आला तो महिना संपता संपता.

माझे व्याही शहादेव हे बुधवार, दिनांक ११ जून २०२५ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास हृदयविकाराने वारले. त्यांचं वय अठ्ठावन्न होतं.